नागेंद्रची सही

कंग्राळी, ९ नोव्हेंबर

चि. नागेंद्र,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं, पण सहा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला एकदम आशीर्वाद कसा द्यायचा ते कळेना. तेव्हा तो तुझ्या आईचा म्हणून घे. मी नुसतं लिहितो.

पत्ता तुझ्या बहिणीनं, माधवीनं, सासरहून फोनवर सांगितला. तुझं नाव, नंबर, स्क्वाड्रन आणि खाली ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. गाव नाही, जिल्हा नाही. पोस्टातली बाई म्हणाली, "काका, एवढ्यावर जातंय बघा. काळजी करू नकासा." मी म्हटलं, कुठं जातंय तेवढं तरी सांगा. ती म्हणाली, ते आम्हालाबी सांगत न्हाईत.

मंगळवारपासून तुझा फोन बंद आहे. त्याच दिवशी टीव्हीवर आलं की सरहद्दीवर आपली विमानं गेली. तुझी आई दर तासाला फोन लावते, कानाला धरते आणि पदरात ठेवते. भात कापायला आलंय, तिला म्हटलं चल. म्हणाली, "पोरगं तिकडं वर हाय आन मी हितं भात कापत बसू व्हय?" वर आहे का खाली ते आपल्याला काय ठाऊक, असं माझ्या तोंडातनं गेलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून गोठ्यात गेलो.

काल बेळगावातनं चॅनेलचा माणूस आला. मला अंगणात खुर्चीवर बसवून विचारलं, "तुमच्या मुलाला लहानपणापासून विमानांचं वेड होतं ना?" मी व्हय म्हणालो. त्याला तेच पाहिजे होतं. खरं तुला आणि मला माहीत आहे. तुला वेड नव्हतं, तुला भ्या होतं. माळ्यावरची भांडी काढायला चढलास की हातपाय कापायचे. सांबऱ्याच्या विमानतळावरचं विमान गावावरनं गेलं की बाकीची पोरं अंगणात यायची आणि तू आत जायचास.

पाचवीत होतास. गावचं पाणी सोडणाऱ्या माणसानं मला गाठलं, "मष्णू, तुझं पोरगं शाळा सुटली की टाकीच्या शिडीवर चढतंय. पडलं तर माझ्या नावानं बोंब मारू नको." मी तसाच गेलो. तू वर, शिडीला मिठी मारून, डोळे मिटलेले. प्रत्येक पायरीवर खडूनं आकडा घातलेला. खाली उतरवून पहिल्यांदा मारलं आणि मग विचारलं. तू म्हणालास, "आप्पा, भ्या कितव्या पायरीला वाटतंय ते बघतोय. काल सत्तावीसला वाटलं, आज एकतीसला."

मी आणखी एक ठेवून दिली. आज वाटतं, पुढं कितव्यापर्यंत गेलास ते तरी विचारायला पाहिजे होतं.

२१ तारखेला कोर्टाची तारीख आहे. आपल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर ज्याची बोटं गेली त्या पिरनवाडीच्या भावकूची केस. मला साक्षीला बोलावलंय. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

नीट राहा.

आप्पा


कंग्राळी, १३ नोव्हेंबर

नागेंद्र,

पहिलं पत्र मिळालं का नाही, समजायला मार्ग नाही. तरी दुसरं लिहितोय.

काल दुपारी टीव्हीवर सांगितलं, आपलं एक विमान परत आलं नाही. वैमानिकाचं नाव नाही, कुठल्या तळावरचं तेही नाही. पाच मिनिटांत अंगण माणसांनी भरलं. कुणी काही विचारत नव्हतं, नुसते येऊन बसत होते. मयताच्या घरी बसतात तसे. शेवटी तुझी आई बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या घरात काय झालंय म्हणून आलायसा? उठा. सुगीचं दिस हाईत, आपापल्या रानात जावा." सगळे गेले. मग तिनं विळा घेतला आणि रानात जाऊन अंधार पडेपर्यंत एकटीनं भात कापला. मी मागनं पेंढ्या बांधत होतो. 

मी उद्यमबागेत कारखान्यात कामाला जातोच आहे. घरी बसून करू काय? लेथजवळनं जाताना तू दिसतोस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतास, सुट्टीत म्हणालास, "कॉलेजात मशीन दाखवत्यात, हात लावू देत न्हाईत. तुमी शिकवा." महिनाभर माझ्याबरोबर सकाळच्या पाळीला आलास. पहिला शाफ्ट फिरवलास तो मापापेक्षा केसभर कमी झाला. तू म्हणालास, "एवढं चालतंय की." मी तो सगळ्यांच्या देखत भंगारात टाकला. म्हटलं, "मापात खोटं चालत न्हाय. मोजल्याबगर बोलायचं न्हाय आन मोजल्यावर लपवायचं न्हाय." तुला राग आला नाही. दुसरा फिरवलास, तो बरोबर आला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, माझा पोरगा कारखान्यातला पहिला शिकलेला इंजिनिअर होणार.

आणि झालासही. आमच्याच कारखान्यात, देखभालीचा इंजिनिअर. मी प्रेस खात्याचा फोरमन आणि माझ्या मशीनच्या तपासणीवर तुझी सही. दहा महिने मी लई सुखात होतो.

पुढचं तुला माहीत आहे. प्रेसमध्ये बिघाड झाला आणि भावकूचा डावा हात सापडला.

 आज एवढंच.

आप्पा


कंग्राळी, १७ नोव्हेंबर

नागेंद्र,

मागच्या पत्रात मी "बिघाड" लिहिलं. ते खोटं आहे. पोस्टात टाकून झाल्यावर परत मागता येईना.

अजून त्या वैमानिकाचं नाव सांगितलेलं नाही. तू हे वाचणार आहेस का नाही तेही माहीत नाही. पण लिहिणारच. तुला ठाऊक असलेलंच लिहितोय, कारण मी ते अजून कुणासमोर बोललो नाही. तुझ्या आईसमोरही नाही.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नव्हती. हात बाहेर राहावेत म्हणूनच ती तशी केलेली. पण त्यानं काम हळू व्हायचं. मोठी ऑर्डर होती. मॅनेजर मारुतीराव म्हणाले, "मष्णू, कायतरी कर बाबा." काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी पॅनेल उघडून आत तार बांधली आणि एक बटण कायमचं दाबल्यासारखं केलं. आता एका हातानं प्रेस चालायची आणि दुसऱ्या हातानं माल सरकवता यायचा. तुला मी सांगितलं नाही. भावकूला सांगितलं, "आता एका हातानं दाब, काम उरकंल." तो म्हणाला, "बरं झालं, फोरमन."

सतराव्या दिवशी त्याची चार बोटं गेली.

तू वरच्या ड्रॉइंगच्या खोलीतनं धावत आलास आणि पहिल्यांदा मेन स्विच पाडलास. भावकूला गाडीत घालून परत आलास तेव्हा मी पॅनेलसमोर होतो. तार काढून खिशात घालताना तू मला बघितलंस.

"आप्पा, ती तार."

"कसली तार?"

"खिशात हाय ती."

"तू काय बघितलं न्हाईस. तू वर हुतास."

संध्याकाळच्या आत रिपोर्ट टाईप होऊन आला. अपघाताच्या वेळी दोन्ही बटणं चालू होती, कामगारानं निष्काळजीपणानं हात घातला. खाली देखभाल इंजिनिअरची सही पाहिजे होती. तू म्हणालास, मरंन पण करणार न्हाय. मी माधवीचं ठरलेलं लग्न सांगितलं, पोलीस सांगितले, आई सांगितली. तू हललास नाहीस. मग मी टोपी काढून तुझ्या पायावर ठेवली. बापानं पोराच्या पायावर टोपी ठेवली की पोरगं काय करणार? ते मला माहीत होतं, म्हणूनच ठेवली.

तू सही केलीस. तीन महिन्यांनी म्हैसूरला जाऊन हवाई दलाची निवड घेऊन आलास. फॉर्म कधी भरलास तेही मला माहीत नव्हतं. दारातनं निघताना एवढंच बोललास, "आप्पा, खोटी सही केली तर सही करणाराच पडतोय, अशा ठिकाणी चाललोय."

मग भरतीसाठी तुझ्या चौकशीला पोलीस घरी आला. मुलाबद्दल काही तक्रार, काही भानगड? मी म्हटलं, माझ्या पोराच्या अंगाला डाग न्हाय. ते खरं होतं. डाग माझा होता आणि कागद तुझा.

हैदराबादला तुझी परेड होती तेव्हा दोन पास आले होते. आईला मी सांगितलं ताप आहे. ताप नव्हता. मी स्वतः मागून दुसरी पाळी घेतली होती. छातीवर पंख लावलेला तू माझ्याकडं बघशील, ते मला झेपणार नव्हतं.

आता आजची गोष्ट. सकाळी मारुतीराव घरी आले, सोबत कंपनीचा वकील. आईनं चहा दिला. तुझ्या फोटोला त्यांनी हात जोडले. मग मला घरामागच्या परड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "मष्णू, रिपोर्टात हाय तेच बोलायचं. वेगळं बोललास तर तुझं काय, दोन वर्सांनी घरीच बसणार हाईस. पण रिपोर्ट खोटा ठरला तर सही कुणाची हाय? आज देश ज्याच्या नावानं दिवा लावतोय त्याला तू उद्या आरोपी करणार व्हय?"

ते गेल्यापासून मी त्याच जागी बसलोय. खरं बोललो तर तुझं नाव जातं. खोटं बोललो तर भावकूला दुसऱ्यांदा मारतो. त्याला आता कुठल्या कारखान्यात घेत नाहीत. एका मंगल कार्यालयाबाहेर तो गाड्या लावून घेतो. मला बघितलं की अजूनही उजवा हात वर करतो.

तू सांग मी काय करू. एका ओळीचं उत्तर पाठव. खरं बोलू का? नुसतं व्हय किंवा न्हाय. चार दिवस आहेत.

तू सांगशील तसं करीन.

आप्पा


बेळगाव, २१ नोव्हेंबर

नागेंद्र,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे कळत होतं, तरी आज सकाळी पोस्टात जाऊन विचारून आलो. कोर्टासमोरच्या झाडाखाली बसून हे लिहितोय. कागद मांडीवर ठेवलाय, अक्षर सांभाळून घे.

आत जाताना माझं ठरलं होतं. तुला नीट ऐकायचं असेल तर ऐक. मी खोटं बोलायचं ठरवून आत गेलो होतो. पोरगा जिवंत आहे का नाही माहीत नसताना त्याच्या नावावर कोर्टात चिखल टाकायचा, हे माझ्यानं होणार नव्हतं. भावकू पुढच्या बाकावर बसला होता. मी तिकडं बघितलं नाही.

भावकूची वकील नवीन आहे, करिष्मा म्हणून. निपाणीची पोरगी. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती म्हणे. आवाज बारीक, पण प्रश्न सरळ. तिनं मला एक कागद दिला आणि विचारलं, "हे अक्षर ओळखता?"

तुझं अक्षर. तू तिला लिहून पाठवलेला कबुलीजबाब. तारीख ३ ऑक्टोबरची, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या महिनाभर आधीची.

मी उभ्या उभ्या वाचलं. तू लिहिलं होतंस, "अपघाताच्या वेळी प्रेसचं एक बटण तार बांधून निकामी केलेलं होतं. मशीन चांगलं ठेवायची जबाबदारी माझी होती. रिपोर्टवर मी खोटी सही केली. भावकूची काही चूक नव्हती. दोष माझा आहे आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे."

पूर्ण कागद दोनदा वाचला. माझं नाव कुठंच नव्हतं.

कंपनीचा वकील लगेच उठला. म्हणाला, म्हणजे दोष त्या इंजिनिअरचा, कंपनीला काही माहीत नव्हतं. मारुतीराव मागं बसले होते. चार दिवसांमागं तुझ्या फोटोला हात जोडणारा माणूस, त्यानं आपल्या वकिलाकडं बघून हळूच मान हलवली. ती मान मी बघितली, नागेंद्र. मी गप्प बसलो असतो तर कंपनी सुटली असती, मी सुटलो असतो आणि तू एकटा अडकला असतास. कदाचित आता या जगात नसलेला तू.

जज्ज कन्नडमध्ये विचारत होते आणि एक कारकून मला मराठीत सांगत होता. मला मध्ये कुणी नको होतं. मी सरळ जज्जांकडं बघून म्हणालो, "तंती नाने कट्टिद्दु." तार मीच बांधली.

 जज्जांनी परत विचारलं, आणि मग मी सगळं सांगितलं. मारुतीराव काय बोलले ते, तार कधी बांधली ते, खिशात घातली ते. टोपीचंही सांगितलं. कंपनीचा वकील ओरडला, की मुलाला वाचवायला बाप खोटं बोलतोय. मी म्हटलं, साहेब, पोराला वाचवायला खोटं बोलायचं म्हणूनच आत आलतो. ते सोडून दिलं.

माझ्यावर काय होईल ते वकीलबाईंनी समजावून सांगितलं. होऊ दे. मारुतीरावांनी जिन्यात सांगितलं, उद्यापासून कामावर येऊ नको. त्यांच्याकडं मी आता नीट बघू शकतो, एवढा मोठा फायदा झाला.

भावकू बाहेर उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो. तोच आधी बोलला. "फोरमन, सहा वर्सं मला वाटत हुतं माझीच चूक. त्या दिशी डुलकी लागली असंल, न्हाईतर ध्यान दुसरीकडं असंल. बायकोला सांगायचो, मीच हात घातला असणार." एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर तो मागं सरकला. "आज नको," म्हणाला आणि बस धरायला निघून गेला.

आता घरी जाऊन तुझ्या आईला सांगायचंय. कोर्टापेक्षा ते अवघड आहे.

आप्पा


कंग्राळी, २३ नोव्हेंबर

नागेंद्र,

सकाळी आम्ही खळ्यावर होतो आणि तुझा फोन आला. आई "नागू, नागू" एवढंच म्हणत राहिली. मग तिनं फोन माझ्या कानाला लावला. परवापासून ती माझ्याशी बोलत नाही, तरी लावला. तू कसा आहेस हे विचारायचं सोडून मी म्हणालो, "कोर्टात मी खरं सांगितलं." तू म्हणालास, "काय?" आणि फोन तुटला.

परत लागला नाही. पण आवाज तुझा होता. त्यानंतर मी खळ्यातच खाली बसलो. तुझी आई पाणी घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली.

आप्पा


१ डिसेंबर

आप्पा,

तुमची पाचही पत्रं काल एकाच गठ्ठ्यात मिळाली. तारखा लावून वाचली. तिसऱ्या पत्रात तुम्ही व्हय किंवा न्हाय विचारलं होतं. ते मला वेळेवर मिळालं असतं तर मी काय लिहिलं असतं, खरंच सांगता येत नाही. मिळालं नाही ते बरं झालं. तुमचं तुम्हीच ठरवलंत.

जे विमान परत आलं नाही ते माझ्या शेजारचं होतं. त्यात ओमकार होता. आम्ही दोघं एकाच तुकडीत शिकलो, आणि त्या दिवशी एकत्र निघालो होतो. परत येताना मी त्याला रेडिओवर हाका मारत होतो. यापेक्षा जास्त लिहायची परवानगी नाही आणि माझ्याच्यानं होणारही नाही. त्याच्या आईला पत्र मी लिहिलं. त्यानंतर तुमची वाचली.

माझ्या त्या कागदात तुमचं नाव नव्हतं ते तुमच्यावर उपकार करायचे होते म्हणून, असं समजू नका. इथं रोज विमान ताब्यात घेताना सही करावी लागते. सगळं फिरून, हात लावून बघितल्याशिवाय मी ती करत नाही. माणसं हसतात, म्हणतात हा अजून इंजिनिअरच आहे. पण दरवेळी पेन टेकवलं की तो रिपोर्ट आठवायचा. मला माझी सही परत घ्यायची होती. तुमची तार तुमच्याकडंच राहू दे म्हटलं. त्या रागातच तुमचं नाव गाळलं होतं.

कोर्टाचं काल मी माझ्या वरिष्ठांना लेखी कळवलं. चौकशी होईल. उड्डाण बंद होईल का, माहीत नाही. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, हे आताच का सांगतोस? मी म्हटलं, सर, सहा वर्षं उशीर झालाय.  त्यांनी दहा दिवसांची रजा मंजूर केली.

आईला सांगा, मला काही लागलेलं नाही. वजन कमी झालंय, त्यावरनं रडू नको म्हणावं.

आप्पा, एक खरं लिहितो. माझा राग गेलेला नाही. तुमचं कोर्टातलं वाचून मला रडू आलं, पण राग तिथंच आहे. तो गेला की घरी जाईन, असं ठरवून मी सहा वर्षं काढली. ओमकारनंही घरचं एक भांडण पुढच्या रजेत मिटवायचं ठेवलं होतं.

म्हणून आता वाट बघत नाही. राग घेऊनच घरी येतोय. रविवारी सकाळच्या गाडीनं. तुम्ही स्टेशनावर या.

नागेंद्र